मुभा आणि हक्क : डर्बीशायरमधील ग्रामीण सहलींचा इतिहास

इंग्लंडच्या मध्यभागी असलेल्या डर्बीशायर परगण्यात सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह बाहेर पडणाऱ्या गृहस्थास अनेक ठिकाणे खुली आहेत. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यांतील दोन विशेष महत्त्वाची होत. पहिले ठिकाण म्हणजे डरवेंट नदीच्या काठी वसलेला चॅट्सवर्थ हा डेव्हनशायरच्या ड्यूकांचा प्रासाद व त्याभोवतीचे विस्तीर्ण उद्यान. दुसरे त्याच परगण्याच्या वायव्य टोकास, मँचेस्टरच्या बाजूला असलेले, दोन हजार फुटांहून किंचित अधिक उंचीचे किंडर स्काउट हे उघडे पठार. पहिल्या ठिकाणी कारंजी, पुष्पवाटिका व चित्रशाळा आहेत. दुसऱ्या ठिकाणी वारा, दलदल आणि काळे खडक यांपलीकडे पाहण्यासारखे फारसे काही नाही. या दोन्ही भूमींवर एके काळी एकाच घराण्याची सत्ता चालत असे. त्या घराण्याने इ. स. १८४९ च्या उन्हाळ्यात चॅट्सवर्थच्या दाराशी आलेल्या हजारो कामकऱ्यांचे स्वागत केले. आणि पुढे १९३२ साली किंडरच्या माळावर पाऊल टाकणाऱ्या तरुणांशी त्याच घराण्याच्या राखणदारांची झटापट होऊन पाच जणांना तुरुंगात जावे लागले. एका हाताने दार उघडणारा जमीनदार दुसऱ्या हाताने कुंपण का घालतो, हा प्रश्न इंग्लंडमधील ग्रामीण सहलीच्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

या इतिहासाची जी सांगणी सामान्यतः प्रचलित आहे, ती फार सरळ आहे. पूर्वी उमरावांचे वाडे बंद असत, लोकशाहीचा उदय झाला, करांचा बोजा वाढला आणि अखेर वाड्यांची दारे सर्वांस खुली झाली, असे तिचे स्वरूप असते. वस्तुस्थिती तशी नाही. दारे अठराव्या शतकात काही जणांस उघडी होती, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फार मोठ्या समुदायास उघडली, त्या शतकाच्या अखेरीस पुष्कळ ठिकाणी पुन्हा मिटली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दाम मोजणाऱ्यास पुन्हा खुली झाली. म्हणजे ही वाटचाल चढणीची नसून भरती-ओहोटीची आहे, आणि प्रत्येक भरतीमागचे कारण निराळे आहे.

डर्बी शहराजवळ केडलस्टन येथे कर्झन घराण्याचा प्रासाद आहे. तो रॉबर्ट ॲडम या प्रख्यात वास्तुशिल्पज्ञाच्या योजनेप्रमाणे १७६० नंतरच्या दशकात आकारास आला. त्याच्यासमोर विस्तीर्ण हिरवळ पसरावी म्हणून जुने गाव उठवून दुसरीकडे नेण्यात आले आणि रस्ताही वळवण्यात आला. हा प्रासाद केवळ राहण्याकरिता नव्हे, तर दाखविण्याकरिताही बांधला होता. पाहुण्यांसाठी त्याची माहितीपुस्तिका १७६९ पासूनच छापली जात होती. मिसेस गार्नेट नावाची घराची कारभारीण पाहुण्यांना दालनादालनांतून फिरवीत असे. १७७७ साली डॉ. जॉन्सन व बॉझ्वेल तेथे गेले, तेव्हा त्यांनाही तिनेच वाडा दाखविला. थॉमस बार्बर या चित्रकाराने काढलेले तिचे तैलचित्र आजही तेथे आहे, आणि त्यात तिच्या हातात ती माहितीपुस्तिका दाखविलेली आहे. मालकाच्या पूर्वजांच्या चित्रांच्या पंक्तीत एका नोकर स्त्रीस असे स्थान मिळावे, यावरून हे वाडा दाखविण्याचे काम किती प्रतिष्ठेचे झाले होते ते दिसून येते. डॉ. जॉन्सन यांस मात्र वाडा फारसा रुचला नाही. नगरसभागृह म्हणून त्याचा चांगला उपयोग होईल, असा त्यांचा अभिप्राय पडला. पुढे लॉर्ड वेलस्लीच्या कारकीर्दीत कलकत्त्यास जो गव्हर्नर जनरलचा प्रासाद १८०३ मध्ये पुरा झाला, तो केडलस्टनच्याच नमुन्यावर उभारलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे जॉन्सनच्या थट्टेत अजाणता भविष्य उतरले होते असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु या पाहुण्यांत सर्वांचा समावेश होत नसे. बग्गीतून येणारा, नाव सांगू शकणारा आणि जाताना कारभारणीच्या हातावर काही नाणी ठेवणारा तो पाहुणा, अशी त्याची व्याख्या होती. होरेस वॉलपोलने टेम्स नदीकाठच्या आपल्या स्ट्रॉबेरी हिल या घरासाठी जे नियम छापले होते, त्यांत दिवसाला चारच व्यक्तींचा एक गट घेतला जाईल, त्यासाठी आगाऊ परवाना हवा आणि बरोबर मुले आणू नयेत, अशा अटी होत्या. मुलांविषयीची ही अट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आज ज्याला सहकुटुंब सहल म्हणतात, तिचा केंद्रबिंदू मूल हा असतो. अठराव्या शतकातील वाडा-दर्शनात मुलाला जागाच नव्हती. जेन ऑस्टिनच्या १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत नायिका एलिझाबेथ डर्बीशायरमधील पेंबर्ली हा वाडा पाहावयास जाते, ती मामा-मामींबरोबर. त्यांची चार लहान मुले मात्र घरी मागे ठेवलेली असतात.

हे चित्र पालटले ते रेल्वेमुळे. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक या मद्यपाननिषेधाच्या प्रचारकाने लेस्टरहून लॉफबरोपर्यंत सुमारे पाचशे लोकांस माणशी एक शिलिंगात नेऊन आणले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या सहलीचे उद्दिष्ट मौज हे नव्हते. गुत्त्यात जाणारा मजूर उघड्या हवेत गेला तर सुधारेल, ही तीमागची श्रद्धा होती. लवकरच मिडलंड भागातील उमरावांचे वाडे या सहलींच्या कक्षेत आले. १८४९ साली लोहमार्ग चॅट्सवर्थपासून तीन मैलांवरील राउझ्ली या गावी पोहोचला आणि त्या एका उन्हाळ्यात ८०,००० लोक प्रासाद पाहून गेले. ज्या वाड्याने तोपर्यंत बग्ग्याच पाहिल्या होत्या, त्याच्या अंगणात आता गिरणीतला कामकरी, रविवारच्या धर्मशाळेतील मुलांचे तांडे आणि डबा फडक्यात बांधून आणलेल्या बाया उतरू लागल्या.

त्या वेळी गादीवर असलेला सहावा ड्यूक अविवाहित होता, हौशी होता आणि उधळ्याही होता. आलेल्या प्रत्येकासाठी, तो कोणीही असो, कारंजी सुरू करावीत असा त्याचा हुकूम होता. त्याचा बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन हा शेतकऱ्याचा मुलगा. तो १८२६ साली चॅट्सवर्थला आला आणि पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी स्फटिकप्रासाद उभारून जगद्विख्यात झाला. त्या कीर्तीची पूर्वतयारी चॅट्सवर्थलाच झाली होती. १८३६ ते १८४० या काळात त्याने तेथे २७७ फूट लांब व १२३ फूट रुंद असे काचगृह बांधले. रशियाचा झार निकोलस पहिला येणार म्हणून १८४४ मध्ये डोंगरावर तळे खोदून जवळजवळ तीनशे फूट उंच उडणारे कारंजे तयार केले. झार आलाच नाही. ज्या जलस्तंभाने एका सम्राटाचे डोळे दिपावयाचे, तो पाच वर्षांनी शेफील्ड व डर्बीच्या कामकऱ्यांनी पाहिला.

याच काचगृहांशी मराठी वाचकाच्या परिचयाची एक वस्तू जोडलेली आहे. पॅक्स्टनने तेथे वाढविलेल्या ठेंगण्या केळीस त्या घराण्याच्या कॅव्हेन्डिश या आडनावावरून ‘मुसा कॅव्हेन्डिशी’ असे शास्त्रीय नाव मिळाले. जळगाव भागातील बसराई केळ याच जातीचे. खानदेशातील केळी चॅट्सवर्थहून आली असा याचा अर्थ नव्हे. या जातीचे मूळ आशियातीलच आहे. पण नाव मात्र तिने त्या डर्बीशायरच्या वाड्यातून घेतले. काचगृहासाठी वनस्पती मिळविण्याकरिता ड्यूकने १८३५ मध्ये जॉन गिब्सन या माळ्यास कलकत्त्यास पाठविले होते आणि तो खासी टेकड्यांतून पुष्कळ रोपे घेऊन परतला. म्हणजे सहलीस आलेल्या मजुरास जे ‘निसर्गदर्शन’ घडत होते, त्यात साम्राज्याचा वाटा बराच होता.

तो निसर्ग दुसऱ्याही अर्थाने घडविलेला होता. चॅट्सवर्थचे उद्यान अठराव्या शतकात लान्सलॉट ब्राउन याने रचले होते. सहाव्या ड्यूकने १८३८ नंतर पॅक्स्टनच्या साहाय्याने एन्सर हे गाव वाड्यातून दिसू नये अशा जागी नव्याने वसविले. जुन्या गावातील एक घर तेवढे नदीकाठी राहिले. ज्या मोकळ्या हिरवळीवर आज कुटुंबे चादर पसरून बसतात, तिच्यापैकी काही जागी पूर्वी लोकांची घरे होती. याला ग्रामस्थांवर झालेला निखालस अन्याय म्हणावे काय, याविषयी दोन मते संभवतात, कारण नवी घरे जुन्यांहून चांगली व टुमदार होती. परंतु त्या बाबतीत ग्रामस्थांचे मत निर्णायक नव्हते एवढे निश्चित.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील हे औदार्य कशामुळे निर्माण झाले, याचा विचार केल्याखेरीज पुढील ओहोटी समजणार नाही. १८३०–४० च्या दशकांत इंग्लंडमध्ये चार्टिस्टांची चळवळ जोरात होती. युरोपात १८४८ साली सिंहासने डळमळली. अशा वेळी उमरावाचा वाडा म्हणजे राष्ट्राचा ठेवा आहे आणि उमराव त्याचा विश्वस्त आहे, ही कल्पना उभयपक्षी सोयीची होती. व्हिक्टोरिया राणीने १८३८ मध्ये हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा सर्वांस विनामूल्य खुला करून त्याचा पायंडा पाडला होता. येथे लोकांस जे मिळत होते ते औदार्य होते. आणि औदार्य हे देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते.

ती मर्जी १८७० नंतर ओसरू लागली. अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागल्याने शेतीचे उत्पन्न व खंड घटले. १८९४ साली हारकोर्टच्या अंदाजपत्रकाने मृत्युकराची नवी पद्धती आणली. मताधिकार विस्तारला तसा उमरावांस राष्ट्राचे विश्वस्त म्हणून मिरविण्यात पूर्वीचा रस उरला नाही. वाडा हा आपला खाजगी आसरा आहे ही भावना बळावली. केंट परगण्यातील नोल येथे १८८३ ते १८८५ या काळात लॉर्ड सॅकव्हिलने उद्यानातून जाणारी वहिवाटीची वाट अडविली, तेव्हा सेव्हनओक्स गावच्या लोकांनी रस्त्यात रोवलेले अडसर उपटून वाड्याच्या दारात नेऊन टाकले. गंमत अशी की, लोकांजवळ फुरसत वाढत होती ती नेमकी याच काळात. सर जॉन लबक यांच्या १८७१ च्या कायद्याने बँकांच्या सुट्या ठरल्या व त्या हळूहळू सर्वांच्याच झाल्या. गिरण्यांतून शनिवारच्या अर्ध्या दिवसाच्या सुटीची प्रथा आधीच पडली होती.

ही फुरसत घेऊन मँचेस्टर व शेफील्डचा तरुण कोठे जाणार? तो माळावर गेला. दोन्ही शहरांच्या मधोमध पीकचा डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे आणि आगगाडीने तास-दीड तासात तेथे पोहोचता येई. परंतु अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील कुंपणबंदीच्या कायद्यांनी पूर्वीची गायराने खाजगी मालकीची झाली होती, आणि ग्राउझ या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी ती वर्षभर राखलेली असत. शिकार वर्षातून थोडेच दिवस चाले. राखण मात्र बारा महिने. लोकांनी प्रथम सनदशीर मार्ग चोखाळले. हेफील्ड गावी १८७६ साली जुन्या पायवाटांच्या रक्षणार्थ मंडळ निघाले. १८९४ मधील दुसऱ्या मंडळाच्या खटपटीने हेफील्डहून स्नेक इनकडे जाणारी वाट १८९७ मध्ये मोकळी झाली. जेम्स ब्राइस यांनी डोंगरांवर जाण्यायेण्याच्या हक्काचे विधेयक १८८४ मध्येच लोकसभेत मांडले होते. ते व त्यानंतरची तशी विधेयके पुनःपुन्हा बारगळली.

२४ एप्रिल १९३२ च्या रविवारी सुमारे चारशे तरुण-तरुणी हेफील्डजवळच्या दगडखाणीत जमली आणि तेथून किंडरच्या चढणीला लागली. पुढारी होता बेनी रॉथमन, वीस वर्षांचा साम्यवादी कार्यकर्ता. वाटेत राखणदारांशी झटापट झाली व त्यांच्यापैकी एकास दुखापत झाली. पलीकडून, शेफील्डच्या बाजूने आलेली तुकडी माथ्यावर भेटली. परतताना पोलिसांनी निवडक लोकांस धरले. येथे एक कायदेशीर बारकावा नमूद करणे इष्ट होय. दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकणे हा इंग्लंडच्या कायद्यात फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून आरोप ठेवण्यात आले ते दंग्याचे व मारहाणीचे. आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. पदभ्रमण करणाऱ्यांच्या अधिकृत संघटनांनी या प्रकाराचा निषेधच केला होता. वर्षानुवर्षे अर्जविनंत्यांनी जे मिळवीत आणले ते या उतावळ्यांमुळे जाईल, अशी त्यांची भीती होती. ती भीती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि शिक्षांच्या कठोरपणामुळेच लोकमत फिरले, हेही खरे.

महायुद्धानंतर दोन्ही धारा जवळजवळ एकाच क्षणी पुढे सरकल्या. १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांची योजना आली आणि १९५१ च्या एप्रिलमध्ये पीक हा प्रदेश इंग्लंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. पुढील काही वर्षांत किंडरच्या परिसरात जमीनमालकांशी प्रवेशाचे करार झाले. त्याच १९४९ साली बाथच्या मार्क्विसने करांची भरपाई करण्यासाठी विल्टशायरमधील लाँगलीट हा वाडा तिकीट लावून खुला केला आणि चॅट्सवर्थनेही युद्धकाळात मिटलेली दारे पुन्हा उघडली. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये दहावा ड्यूक अकस्मात वारला. मालमत्ता मुलाच्या व्यवस्थेत दिल्यास पाच वर्षांनी ती करमुक्त होत असे. ती मुदत भरावयास काही आठवडेच कमी पडले. ऐंशी टक्के दराने कर बसला. तो फेडताना हार्डविक हॉल हा एलिझाबेथकालीन वाडा आणि अनेक अमोल कलाकृती सरकारजमा झाल्या. हार्डविक पुढे १९५९ साली नॅशनल ट्रस्टकडे आला. सहाव्या ड्यूकने मिरविण्याकरिता जे केले, ते अकराव्या ड्यूकला तगण्याकरिता करावे लागले.

नॅशनल ट्रस्टचे उदाहरणही याच संदर्भात पाहिले पाहिजे. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर व हार्डविक रॉन्सली यांनी ही संस्था १८९५ साली स्थापली, ती मुख्यतः शहरी गरिबांस मोकळी जमीन मिळावी म्हणून. १९३७ च्या कायद्यानंतर उमरावांचे वाडे तिच्याकडे येऊ लागले व मूळ मालकाचे वंशज त्यांतच भाडेकरू म्हणून राहू लागले. या व्यवहारात लोकांनी वाडे घेतले की वाड्यांनी लोकांचा आश्रय घेतला, हे सांगणे कठीण आहे. १९५३ च्या कायद्याने ऐतिहासिक इमारतींस सरकारी अनुदान मिळू लागले. त्याच्या बदल्यात वर्षातील काही दिवस दार उघडे ठेवण्याची अट येऊ लागली.

आता येणारा पाहुणाही निराळा होता. १९३८ च्या कायद्याने पगारी रजेचे तत्त्व मान्य झाले होते. मे १९५० मध्ये पेट्रोलवरील नियंत्रण उठले आणि मोटारगाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली. आगगाडीने येणारा समुदाय गिरणीचा, चर्चचा किंवा मंडळाचा असे. मोटारीत आईबाप आणि दोन-तीन मुले मावतात. सहलीचे एकक म्हणून कुटुंब पुढे आले ते या यंत्रामुळे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. राउझ्लीवरून बक्स्टनकडे जाणारा लोहमार्ग १९६८ मध्ये बंद पडला. त्याच्या काही भागावर १९८१ पासून चालण्याची व पुढे सायकलीची वाट झाली, हा त्याच बदलाचा उत्तरार्ध होय. मूल आले तशी आकर्षणेही पालटली. लॉर्ड मॉन्टेग्यूने १९५२ साली ब्यूली येथे दिवाणखान्यात पाच जुन्या मोटारी मांडल्या. लाँगलीटला १९६६ मध्ये सिंह आले. या प्रकारांची इतर उमरावांनी बरीच टवाळी केली. चॅट्सवर्थने १९७३ मध्ये गोठा खुला केला, तो शहरी मुलांस दूध कोठून येते हे दिसावे म्हणून. वॉलपोलच्या नियमपत्रकापासून या गोठ्यापर्यंत जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर आहे.

केडलस्टन १९८७ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आले. तेथील तळमजल्यावर लॉर्ड कर्झन याने व्हाइसरॉय असताना व आशियातील प्रवासांत जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. ज्याने हिंदुस्थानात १९०४ चा प्राचीन वास्तुसंरक्षणाचा कायदा केला, त्यानेच मायदेशी परतल्यावर टॅटरशॉल व बोडियम हे किल्ले स्वतःच्या पैशाने वाचविले, आणि बंगालची फाळणीही त्यानेच केली. सहलीस आलेल्या इंग्रज मुलास हस्तिदंत व चांदीच्या त्या वस्तू कोठून व कशा आल्या हे सांगावे की नाही, यावर तेथे अलीकडे बराच वाद माजला. ट्रस्टने २०२० साली आपल्या ९३ स्थळांचा वसाहतवादाशी व गुलामगिरीशी असलेला संबंध अहवालरूपाने प्रसिद्ध केला, तेव्हा सुटीच्या दिवशी असला इतिहास नको अशी तक्रार अनेक सभासदांनी केली. घर दाखविताना काय सांगावयाचे हा निर्णय मिसेस गार्नेटच्या काळी घरमालकाचा होता. आता तो कोणाचा, याचा निकाल लागलेला नाही.

किंडरचे पठार १९८२ मध्ये ट्रस्टने विकत घेतले. २००२ साली, त्या रविवारच्या घटनेस सत्तर वर्षे झाली तेव्हा, अकराव्या ड्यूकने समारंभास येऊन आपल्या आजोबांच्या काळी घडलेल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. बेनी रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत निवर्तला होता. २००० च्या कायद्याने डोंगर, माळ, रान व गायराने यांवर पायी फिरण्याचा हक्क लोकांस मिळाला. ही भूमी इंग्लंडच्या एकंदर क्षेत्राच्या सुमारे आठ टक्के भरते. परंतु त्या कायद्याच्या परिशिष्टात वगळलेल्या जमिनींची जी यादी आहे, तीत उद्याने व बागा येतात. म्हणून किंडरच्या दलदलीत चिखल तुडविणारे कुटुंब तेथे हक्काने चालते. आणि चॅट्सवर्थच्या हिरवळीवर, सार्वजनिक पायवाटांचा अपवाद सोडल्यास, तेच कुटुंब १८४९ च्या कामकऱ्याप्रमाणे मालकाच्या मुभेने बसते.